आधी टिकली, मग बटन

मी एक जुना संगणक आहे. पण मित्रांनो, संगणक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जी पेटी येते, ती मी नव्हे. मला पेटी नाही, पंखा नाही, पडदासुद्धा माझा स्वतःचा नाही. तळहातावर मावेल एवढा एक हिरवा बोर्ड, त्यावर काही काळे चौकोन आणि कडेला तारा खोचायची भोकं, एवढाच माझा देह. मोबाईलच्या चार्जरवर माझं पोट भरतं. मला पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास विचारतो, "बाकीचा कुठंय?" पूर्वी या प्रश्नाचा मला फार राग यायचा. आता सवय झाली आहे.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. माझ्यासारखीच पुष्कळ भावंडं एका खोक्यात शेजारी शेजारी ठेवलेली होती, एवढंच आठवतं. त्यांपैकी कोण कुठे गेलं, देव जाणे. मी मात्र आलो छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजला. तिथल्या एका कंपनीत मला पहिली नोकरी लागली.

काम सोपं होतं आणि मानाचं होतं. कामाच्या जागेवर उंचावर एक पडदा टांगलेला होता, त्याच्या पाठीला मला चिकटवलं होतं. कुठलं मशिन चालू आहे, कुठलं बंद पडलं आहे, हे मी पडद्यावर दाखवायचो. शिफ्टची माणसं बसमधून उतरून आत आली की आधी वर बघायची. बघायची ती पडद्याकडे, पण मान मी घ्यायचो. साहेबराव नावाचे एक सुपरवायझर होते. ते नव्या माणसांना मागे नेऊन मला दाखवत आणि म्हणत, "येवढंसं हाय, पन कामाला वाघ हाय." त्या दिवसांत मी फार सुखात होतो.

मग एक नवे साहेब आले. त्यांना तो साधा पडदा आवडेना. त्यांनी माझ्यावर एक भलीमोठी कार्यप्रणाली चढवली. मित्रांनो, कार्यप्रणाली म्हणजे संगणकाला जागं करणारी, कामाची वाटणी करणारी, कुणी बोललं तर ऐकून घेणारी व्यवस्था. ती नसेल तर मी नुसता हिरवा तुकडा. पण ती झेपेल एवढीच असावी लागते. या नव्या प्रणालीत रंग बदलायचे, चित्रं फिरायची, एक खिडकी उघडायची तरी ती उड्या मारत उघडायची. माझा जीव केवढा आणि ओझं केवढं. मी तापू लागलो, अडखळू लागलो, भर शिफ्टमध्ये थिजून बसू लागलो. कुणी ओझ्याला दोष दिला नाही. "हा हँग होतो," एवढा शिक्का माझ्यावर बसला आणि मला काढून जुन्या नटबोल्टांच्या ड्रॉवरमध्ये टाकलं गेलं.

ड्रॉवरमधले दिवस मला आठवायला आवडत नाहीत. ड्रॉवर उघडला की मला वाटे, आता आपला नंबर लागला. पण हात येई तो स्क्रू शोधायला, आणि मला बाजूला सारून निघून जाई. मला वाईट वाटायचं. आपण कामाचे नाही, हे हळूहळू मलाही पटायला लागलं होतं.

त्या कंपनीच्या मेंटेनन्स खात्यात सुलेखा नावाची एक तरुण मुलगी होती. मशिन बंद पडलं की पाना घेऊन तीच आधी पोचायची. एकदा स्क्रू शोधताना तिचा हात माझ्यावर थांबला. ती मला घेऊन साहेबरावांकडे गेली.

"सर, हे भंगारात जानार आसंल तर मी नेऊ का?"

"ने की. पन त्याच्यात दम नाय आता."

"दम हाय सर. त्याच्यावर ओझं लई टाकलं होतं."

मित्रांनो, हे वाक्य मी आजवर विसरलो नाही. साहेबरावांनी रीतसर गेटपास करून दिला आणि मी सुलेखाच्या डब्याच्या पिशवीत बसून, कंपनीच्या बसमधून शहरातल्या उस्मानपुऱ्यात आलो. पिशवीला ठेच्याचा वास होता.

सुलेखानं मला का आणलं, ते मला घरी गेल्यावर कळलं. तिचे वडील राजेंद्र, घरात सगळे त्यांना अप्पा म्हणतात, म्हणून मीही अप्पाच म्हणतो. अप्पांचा आवाज एके काळी अख्ख्या गल्लीला ठाऊक होता. कंपनीतली नोकरी सांभाळून ते विहारात वंदना घ्यायचे आणि आजूबाजूच्या वस्त्यांतली लग्नं लावायचे. अप्पा पुढे म्हणणार आणि मांडवातली माणसं त्यांच्यामागून म्हणणार. माईक बिघडला तरी अप्पांचं अडत नसे. पुढे त्यांच्या घशाला आजार झाला आणि ऑपरेशनमध्ये डॉक्टरांना स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. ओठ हलायचे, शब्द नीट आकाराला यायचे, पण त्यात सूर नसायचा. सुरुवातीला ते कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दाखवत. मग तेही सोडलं. गळ्याभोवती रुमाल गुंडाळून दाराशी बसून राहत. आपल्या बापाचं हे गप्प बसणं सुलेखाला बघवत नव्हतं.

तिनं मला एका जुन्या पडद्याला जोडलं, कीबोर्ड दिला, एक छोटा स्पीकर दिला. अप्पांनी टाईप करायचं आणि मी ते मोठ्यानं बोलायचं, अशी तिची योजना. पहिल्या दिवशी अप्पांनी कीबोर्ड मांडीवर घेतला. मग एकेक अक्षर शोधत त्यांनी एक शब्द टाईप केला आणि मी माझ्या आयुष्यातला पहिला शब्द उच्चारला, "जयभीम."

सुलेखाची आई, चंपाबाई, स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, अप्पांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "जयभीम." अप्पांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला तेव्हा कळलं की आता आपल्याला इथून कुणी ड्रॉवरमध्ये टाकणार नाही.

माझा आवाज काही गोड नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. आनंदाची गोष्ट असो की दुःखाची, मी ती एकाच सुरात सांगतो. गल्लीतली पोरं माझी नक्कल करत फिरायची. अप्पांनाही गंमत वाटायची. एकदा त्यांनी माझ्याकडून शेजारच्या भामाबाईंना "तुमची भाजी करपली" असं म्हणवून घेतलं आणि त्या खरंच पळत घरी गेल्या.

पण सगळं सुरळीत होतं असं समजू नका. त्या घरात माझी दोन दुखणी होती. एक म्हणजे, सुलेखानंही सुरुवातीला माझ्यावर नेहमीची मोठी कार्यप्रणालीच चढवली होती. मी जागा होईपर्यंत अप्पांचा चहा गार व्हायचा. ते "पाणी" टाईप करायचे आणि माझ्या तोंडून पाणी निघेपर्यंत तहान मेलेली असायची. दुसरं दुखणं म्हणजे चंपाबाई.

चंपाबाईंनी पूर्वी एकदा इस्त्री चालू ठेवली आणि खुर्चीवरच्या कपड्यांच्या घड्या जळून गेल्या. तेव्हापासून बटन बंद केल्याशिवाय त्या खोलीबाहेर पाऊल टाकत नाहीत. दिवा, पंखा, टीव्ही, चार्जर, भिंतीवरचं जे बटन खाली दिसेल ते वर करून मगच त्या निघतात. माझंही बटन त्या तशाच फटकन बंद करत. आता मित्रांनो, माझ्या पोटात नखाएवढं एक मेमरी कार्ड असतं. माझी सगळी विद्या त्यात. मी त्यावर काहीतरी लिहीत असतानाच वीज गेली, तर पान अर्धवट राहतं, आणि ते अर्धवट पान पुढच्या वेळी मलाच वाचता येत नाही. मग मी जागा होत नाही, नुसता लाल दिवा लावून बसतो. असं पुन्हापुन्हा होऊ लागलं. सकाळी अप्पा माझ्यासमोर येऊन बसायचे, कीबोर्डवर बोटं ठेवायचे, आणि मी मुका.

"आई, त्याला डायरेक बंद नको करत जाऊ," सुलेखा म्हणाली. "आधी पडद्यावरून बंद करायचं आसतं."

"ते मला समजत नाय. आन चालू ठिवून जाऊ का? घर पेटलं म्हंजी?"

"येवढ्याशानं घर पेटत नाय आई."

"इस्त्री बी येवढीशीच व्हती."

ती शहाणी मुलगी आहे. आईची सवय मोडण्याऐवजी तिनं माझी सवय बदलायचं ठरवलं. सुट्टीच्या दिवशी जेवणं झाल्यावर ती मला घेऊन बसली आणि जुनी जड प्रणाली पुसून तिनं माझ्यावर एक हलकी कार्यप्रणाली बसवली. हलकी म्हणजे किती हलकी? तिच्यात फिरणारी चित्रं नव्हती, उड्या मारणाऱ्या खिडक्या नव्हत्या. काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि बोलायची सोय. बटन दाबलं की अप्पा चष्मा पुसेपर्यंत मी जागा. टाईप करून बोलायचं बटन दाबलं की शब्द लगेच तोंडात. मला इतकं मोकळं वाटलं की काय सांगू. साहेबरावांचा वाघ परत आला होता.

या प्रणालीची आणखी एक गंमत होती. जागं होताना मी कार्डावरून सगळं एकदाच वाचून घ्यायचो आणि मग दिवसभर कार्डाला हात लावायचो नाही. जे काही लिहायचं ते माझ्या डोक्यात, म्हणजे जणू पाटीवर. त्यामुळे चंपाबाईंनी फटकन बटन बंद केलं तरी कार्डाला धक्का नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ताजातवाना. पण पाटीचा एक धर्म असतो, तो तुम्हाला माहीत आहे. वीज गेली की ती कोरी. जे कायमचं राहायला हवं, ते मला मुद्दाम "जपून ठेव" असं सांगावं लागे. त्यासाठी कीबोर्डवर एक बटन ठरवलेलं होतं. अप्पांना ते पटकन सापडावं म्हणून सुलेखानं आईच्या पाकिटातली एक लाल टिकली काढून त्यावर चिकटवली.

"अप्पा, लक्षात ठिवा. ठिवायचं आसंल ते लिवलं की टिकली दाबायची. नाय दाबली तर गेलं."

अप्पांनी मान डोलावली. रोजच्या बोलण्याला टिकलीची गरजच नव्हती. पाणी मागितलं, पाणी मिळालं, ते जपून काय करायचं?

आणि इथे मला एक कबूल करायला हवं असं वाटतं, की चंपाबाईंवर माझा थोडा रुसवा होता. अप्पांना आधी ओठ हलवायची सवय होती, बोटं मागून चालायची. मी "चहा" म्हणेपर्यंत चहा पुढ्यात आलेला असे. मी "खिडकी लाव" म्हणेपर्यंत खिडकी लागलेली असे. घरात बोलायचं काम माझं, आणि ही बाई मला बोलूच देईना. मला वाटायचं, योगायोग असेल.

पुढे सुलेखाचं लग्न ठरलं. मुलगा लासूर स्टेशनचा, बाजार समितीत कामाला. घरात आनंद होता, पण अप्पा पुन्हा गप्प झाले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या मुलींची लग्नं लावली, आणि स्वतःच्या मुलीच्या लग्नात ते मुके. शेवटी विहारातले सगळ्यांत वडीलधारे कडुबा आजोबा घरी आले, तेव्हा अप्पांनी माझ्या तोंडून विचारलं, "यंत्रातून मी लग्न लावलं तर चालेल का?"

कडुबा आजोबांनी वाकून मला नीट पाहिलं. "नाय रं राजेंद्रा," ते म्हणाले. "त्रिशरण, पंचशील मान्सानंच म्हनायचं. ते मी घेतो, समदे मागून म्हनतील. पन बापाच्या मंगलकामना कुनी दुसरा देऊ शकत नाय. ते चार शब्द तू यातून बोल. आमी समदे शांत बसून ऐकू."

तेव्हापासून अप्पांना एकच ध्यास. ते लिहायचे आणि पुसायचे. हे फार लांबलं, हे फार रडकं झालं. एवढा बोलका माणूस, पण स्वतःच्या पोरीशी काय बोलावं ते त्याला सापडत नव्हतं. माझी पाटी रोज भरायची आणि अप्पा रोज ती स्वतःच कोरी करायचे.

लग्नाच्या दिवशी सकाळी मात्र त्यांना ते सापडलं. सुलेखा तयार व्हायला मैत्रिणीकडे गेली होती. अप्पा नवा पांढरा सदरा घालून माझ्यासमोर बसले आणि न थांबता लिहीत गेले. चंपाबाई शेजारी उभ्या राहून त्यांच्या सदऱ्याची गुंडी लावत होत्या. शेवटचं वाक्य झालं आणि अप्पांनी डोळे पुसले. तेवढ्यात खालून हाक आली, "अप्पा, गाडी आली."

अप्पा तसेच उठले. टिकली राहिली.

मला ओरडावंसं वाटलं. पण मित्रांनो, मला स्वतःहून बोलता येत नाही, मला जे लिहून दिलं तेवढंच मी बोलतो. चंपाबाईंनी विहारासारख्या स्वच्छ ठेवलेल्या त्या खोलीवरून एक नजर फिरवली, दिवा बंद केला, पंखा बंद केला, आणि मला बंद केलं. मग मला टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवलं.

विहाराच्या हॉलमध्ये माणसं दाटली होती. लासूरची मंडळी एका बाजूला, उस्मानपुऱ्याची दुसऱ्या बाजूला. मला टेबलावर मांडलं, माझ्या स्पीकरसमोर माईक ठेवला. कडुबा आजोबांनी वंदना घेतली, वधूवरांनी प्रतिज्ञा घेतल्या, हार घातले, फुलं पडली. मग आजोबा माईकवर म्हणाले, "आता राजेंद्र बोलनार हायेत."

अप्पांनी मला चालू केलं. मी लगेच जागा झालो, नेहमीसारखा. पडदा काळा, त्यावर एकही अक्षर नाही.

अप्पांनी बोलायचं बटन दाबलं, माझ्याकडे बोलायला काहीच नव्हतं. मग त्यांची नजर टिकलीवर गेली, आणि त्यांना सगळं कळलं. त्यांनी बोटं कीबोर्डवर ठेवली, पण घाईत भलतीच अक्षरं उमटत गेली. लासूरकडची काही मंडळी एकमेकांकडे बघू लागली. सुलेखा गळ्यातला हार धरून उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत मला माझ्या कोरेपणाची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तेव्हा चंपाबाई उठल्या. त्या कधी माईकसमोर उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि अप्पांच्या शेजारी येऊन म्हणाल्या, "बटन म्या बंद केलं. पन सकाळी ह्यांनी जे लिवलं ते म्या बघितलंय. यंत्रात नाय. ह्यांच्या व्हटावर. म्या सांगते."

आणि त्या सांगू लागल्या. "हे म्हनले, सुलेखा, म्या लई लोकायची लग्नं लावली, पार गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल आसा बोललो. तुज्या टायमाला आवाज राहिला नाय. पन बापाला बोलता करायला पोरगी कंपनीतून भंगार उचलून आनती, तवा त्या बापाला अजून काय पायजे. तू मशिनचं दुखनं बरोबर वळखती. मान्साचं बी वळखशील. पन तुजं दुखनं तू लपवती, ते लपवू नको. सांगत जाय."

अप्पा बायकोकडे बघत होते. त्यांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते, शब्दाला शब्द.

"आन जावईबापू," चंपाबाई पुढे म्हणाल्या, "ती सांगंल तवा ऐकून घ्या." इतकं म्हणून त्या थांबल्या. खाली बघू लागल्या.

कडुबा आजोबा म्हणाले, "पुढं?"

"पुढं येक हाय. पन ते मी नाय म्हनत." आणि त्या जाऊन आपल्या जागेवर बसल्या.

अप्पांनी कीबोर्ड पुन्हा जवळ ओढला. त्यांनी सावकाश एक वाक्य टाईप केलं आणि बोलायचं बटन दाबलं. मी माझ्या त्या एकाच सपाट सुरात, भरल्या हॉलमध्ये बोललो, "मला आवाज नव्हता तेव्हा चंपानं ऐकलं, तसं ऐका."

मित्रांनो, मी यंत्र आहे. पण त्या दिवशी कुणी माझ्या आवाजाला हसलं नाही. सुलेखानं आधी आईला मिठी मारली, मग अप्पांना. चहा माझ्याआधी कसा यायचा, ते मला तेव्हा उमगलं आणि माझा रुसवा तिथेच संपला.

आता सुलेखा लासूरला असते आणि बसनं वाळूजला कामाला येते. मी अजून उस्मानपुऱ्यातच आहे. माझ्यापेक्षा वेगवान बोर्ड बाजारात आले आहेत, पण अप्पांना मी पुरतो. तुमच्याही घरात एखाद्या ड्रॉवरमध्ये माझा भाऊबंद पडला असेल. त्याला टाकून देण्याआधी एकदा त्याच्यावरचं ओझं कमी करून बघा. आणि जे जपायचं असेल ते वेळेवर जपा, आम्ही आपणहून जपू अशा भरवशावर राहू नका. प्रत्येक घरात चंपाबाई असतीलच असं नाही.

त्या मंगलकामना आता माझ्या कार्डात कायमच्या आहेत. लग्नानंतरच्या आठवड्यात चंपाबाई सांगत गेल्या आणि अप्पा टाईप करत गेले. शेवटच्या वाक्यापाशी त्या पुन्हा थांबल्या, तेव्हा ते अप्पांनी स्वतःच लिहिलं. ते वाक्य चंपाबाई अजूनही तोंडानं म्हणत नाहीत. पण ते लिहून झालं त्या दिवशी भिंतीवरच्या बटनाकडे जाण्याआधी त्या माझ्याकडे वळल्या, आणि टिकली त्यांनीच दाबली.